जायरोसच्या रायफलची माशी

आंग्वा नदीकाठच्या शिकारी कॅम्पवर पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जायरोस कापेसाच्या हाताखालून जावं लागे. पाहुणा जर्मनीचा असो की टेक्ससचा, घरी त्याच्या भिंतीवर वीस मुंडकी टांगलेली असोत, यातून सुटका नव्हती. तंबूंच्या मागे एक मोठं वारूळ होतं. त्यावर जायरोस कागद टाचायचा, पाहुण्याच्या हातात त्याचीच रायफल द्यायचा आणि म्हणायचा, "डोळे मिटा. आता खांद्याला लावा. गाल टेकवा. हं, उघडा डोळे."

डोळे उघडल्यावर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा मणी, मागच्या खाचेत आपसूक बसलेली दिसली, तर रायफल त्या माणसाच्या मापाची. मान वाकडी करून माशी हुडकावी लागली, तर दस्ता लांब तरी आहे किंवा आखूड तरी. मग ती रायफल कितीही नावाजलेली असली तरी जायरोस ती पेटीत परत ठेवायला लावायचा आणि कॅम्पच्या कपाटातली जुनी तीनशे पंचाहत्तर बोअरची रायफल बाहेर काढायचा.

"पण माझी हिच्या दीडपट ताकदीची आहे!" पाहुणा कुरकुरायचा.

"म्हणूनच चाप ओढताना तुम्ही डोळे मिटता," जायरोस शांतपणे सांगायचा. "रानरेड्याला रायफलवरचं नाव वाचता येत नाही, साहेब. गोळी कुठं लागली एवढंच त्याला कळतं."

हे सगळं ठीक होतं. यात त्याचं कधी चुकलं नाही. पण रायफलवर दुर्बीण बसवलेली दिसली की त्याचा आवाज बदलायचा. पेचकस घेऊन तो स्वतः खाली बसायचा आणि दुर्बीण काढून पाहुण्याच्या हातात ठेवायचा. "हरणं बघायला गळ्यात अडकवा. झुडपात रेड्यामागे जाताना उघड्या डोळ्यानं, माशी आणि खाच. दुसरं काही नाही."

त्याला तसं कारण होतं. एक्याऐंशी साली तो डिक्सन नावाच्या गोऱ्या शिकाऱ्याची दुसरी रायफल वाहायचा. मान्यामे नदीच्या बोरूत एक जखमी सिंहीण शिरली होती. सकाळी लांबचं काहीतरी बघण्यासाठी डिक्सनने दुर्बिणीचं कडं फिरवून दृश्य मोठ्यात मोठं केलं होतं, आणि ते परत फिरवायचं तो विसरला. सिंहीण दहा पावलांवरून आली. डिक्सनने रायफल उचलली तेव्हा त्याला काचेत नुसते पिवळे केस दिसले. डोकं कुठलं, पाठ कुठली, काही कळेना. त्याने गोळी झाडली ती मातीत गेली. सिंहिणीने त्याला पाडलं आणि एका पंजाने त्याच्या डोक्याची कातडी टोपी काढावी तशी मागे ओढली. जायरोसच्या हातात चारशे अठ्ठावन्नची उघड्या नेमाची रायफल होती. त्याने पांढरी माशी सिंहिणीच्या मानेवर ठेवली आणि तिला डिक्सनच्या अंगावरच मारली. डिक्सन दोन दिवस जगला. दोन्ही दिवस तो पाणी मागत होता आणि त्याच्या फाटलेल्या गालातून पाणी बाहेर येत होतं.

कॅम्पचा मालक बॅरोज याने ती चारशे अठ्ठावन्न जायरोसच्या ताब्यात दिली, ती कायमचीच. पुढे नव्वद साली जायरोसने शिकारी परवान्याची परीक्षा दिली. कायद्याचा पेपर, नेमबाजी, आणि परीक्षकांच्या समोर एक हत्ती, एक रेडा. त्या रायफलवर तो पास झाला. खोऱ्यातल्या आमच्या गावांमधून परवाना मिळवणारा तो पहिलाच. त्याच्या सासुरवाडीने त्या दिवशी बकरं कापलं आणि बायका अंधार पडेपर्यंत नाचल्या.

सासुरवाडीचाच टॅप्सन त्याच्यासोबत माग काढायला असायचा. टॅप्सन म्हणजे जायरोसच्या बायकोचा, एसिनातचा धाकटा भाऊ. वयाने दहा वर्षांनी लहान. पण आमच्यात बायकोचा भाऊ सासऱ्याच्या मानाचा. त्यामुळे कॅम्पवर हुकूम जायरोसचा आणि चुलीपाशी हुकूम टॅप्सनचा, असा मामला होता.

"जावईबुवा, पाणी आणा," सड्झाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट घाट्याचं, ताट मांडीवर घेऊन टॅप्सन फर्मान सोडायचा. "आणि आणताना जरा वाकून आणा. माझी बहीण दिलीय तुम्हाला, शेळी नव्हे."

"शेळी दिली असती तर निदान दूध मिळालं असतं," असं म्हणत जायरोस उठायचा आणि खरंच पाणी आणून द्यायचा.

मागावर मात्र दोघांना बोलावं लागत नसे. टॅप्सनने बोट आडवं केलं की रेडा उभा आहे, उलटी मूठ दाखवली की बसला आहे. अकरा हंगाम त्यांनी असे काढले. रेडे, हत्ती, फाशात तंगडी अडकून चवताळलेला एक बिबळ्या. कुणाला ओरखडा आला नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी जायरोसला परवान्याचा कागद हात लांब करून वाचावा लागला. त्याला वाटलं, कागदच फिका छापलाय. पुढच्या वर्षी रायफलची मागची खाच धुरकट दिसू लागली. त्याच्या पुढच्या वर्षी माशीही गेली, म्हणजे दिसायची, पण कापसाच्या बोंडासारखी फुटलेली. दोनशे पावलांवरच्या रेड्याच्या कानातलं भोक त्याला स्वच्छ दिसायचं आणि हातातल्या रायफलचं टोक दिसायचं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्याने रानडुकराच्या सुळ्याची नवी माशी घासून बसवली, आधीपेक्षा मोठी. मग कानशीने खाच रुंद केली. पुढच्या हंगामाला आणखी मोठी माशी.

टॅप्सनने रायफल पुसायला घेतली तेव्हा तो बघतच राहिला. "जावईबुवा, ही माशी आहे का भुंगा?"

"सावलीत चटकन दिसते."

"सावलीत दिसते, की बाकी कुठंच दिसत नाही?" टॅप्सनने विचारलं. तो हसत नव्हता. "मिशनच्या दवाखान्यात डोळे तपासणारा येतो म्हणे. जाऊ या का एकदा? मीही येतो."

"तुझं काम खाली बघायचं आहे," जायरोस फटकन बोलला. "पावलं बघ. माझ्या डोळ्यांत बघू नकोस."

टॅप्सनने रायफल पुसून भिंतीला लावून ठेवली आणि त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

दोन हजार एक सालच्या सप्टेंबरात नॉर्वेहून आर्विद मोएन आला. जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होता. उंच, शांत, साठीला टेकलेला, हातांवर ठिणग्यांचे पांढरे डाग. त्याच्याकडे एकच रायफल होती, तीनशे पंचाहत्तर, आणि तिच्यावर छोटी, कमी ताकदीची दुर्बीण. वारुळापाशी त्याने डोळे मिटून रायफल खांद्याला लावली. दस्ता त्याच्या अंगावर शिवल्यासारखा बसला. दुर्बीण सर्वात लहानावर ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, त्याने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं चहाच्या एका बशीखाली झाकली असती.

जायरोसने पेचकस उचलला.

"ही राहू द्या," आर्विद म्हणाला. "मला माहीत आहे लोक काय म्हणतात. पण माझे डोळे गेलेत. जवळचं फुटतं. उघडी माशी मला दिसतच नाही हो, नुसता पांढरा धूर दिसतो."

जायरोसच्या कानशिलात रक्त चढलं. तीन वर्षं त्याने स्वतःपासूनसुद्धा लपवलेली गोष्ट हा परका माणूस सगळ्यांसमोर, हवापाण्याबद्दल बोलावं तशी सांगत होता. टॅप्सन बाजूलाच उभा होता आणि आता तो जायरोसकडेच बघत होता.

"ज्याला माशी दिसत नाही त्यानं रेड्यामागे येऊ नये," जायरोस म्हणाला. "माझ्या कॅम्पवर दुर्बीण चालत नाही."

"हिच्यात सगळं जसंच्या तसं दिसतं. मोठं होत नाही. तुम्ही एकदा बघा तरी."

"मी दुर्बिणीनं मेलेला माणूस पुरलाय. तुम्ही किती पुरलेत?"

 आर्विद परक्या देशात होता, समोरच्याला वीस वर्षांचा अनुभव होता. त्याने होकाराची मान हलवली. जायरोसने चार स्क्रू काढले. उघड्या नेमाने आर्विदच्या पुढच्या तीन गोळ्या वारुळावर लागल्या एवढंच म्हणता आलं असतं. जायरोसने कागद फाडला आणि म्हणाला, "जवळ नेतो तुम्हाला. जवळून चुकणार नाही."

चौथ्या दिवशी दुपारनंतर त्यांना तीन म्हातारे रेडे सापडले, कळपातून बाहेर पडलेले, अंगावर वाळलेल्या चिखलाचे पोपडे. वाऱ्याची दिशा चांगली होती. टॅप्सनने त्यांना साठ पावलांवर नेलं. त्याच्या पुढे मोकळी वाळू होती, जाता येईना. टॅप्सनने तीन काठ्यांची तिवई उभी केली, आर्विदने त्यावर रायफल टेकवली. सर्वात मोठा रेडा आडवा उभा होता, मोपानीच्या झाडाच्या सावलीत.

"पुढच्या पायाच्या वर, एक तृतीयांश उंचीला," जायरोस कुजबुजला.

आर्विदने बराच वेळ नेम धरला. मध्येच त्याने मान वर करून डोळे चोळले, परत गाल टेकवला. तो नको म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो नको म्हणाला नाही आणि जायरोसनेही त्याला थांबवलं नाही. गोळी सुटली. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज आला आणि रेडा पाठीत वाकला.

टॅप्सनने जमिनीवरून रक्त बोटावर घेतलं. त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे तुकडे होते. त्याने ते बोट जायरोससमोर धरलं. गोळी पोटात होती.

जखमी जनावर सोडून जायचं नाही, हा कायदाही आहे आणि रीतही. जनावर जखमेने सुस्तावेपर्यंत अर्धा तास ते बसले.  मग टॅप्सन उठला, त्याने चड्डीचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "चला जावईबुवा. उजेड आहे तोवर."

माग जेसच्या जाळीत शिरला. जेस म्हणजे काटेरी, एकमेकांत गुंतलेल्या फांद्या, माणसाच्या डोक्याइतक्या उंच. आत उन्हाचे नुसते कवडसे. पुढे टॅप्सन वाकून, त्याच्या उजव्या खांद्यामागे जायरोस, मागे आर्विद. दहा पावलं चालायचं, थांबायचं, ऐकायचं. रेड्याने दोनदा वळसा घेऊन आपलाच माग ओलांडला होता. जखमी रेडा असं करतो ते मागावर येणाऱ्याची वाट बघण्यासाठी.

टॅप्सनने मूठ वर केली. उलटी नव्हे, सरळही नव्हे, अर्धवटच. त्याच क्षणी डावीकडची जाळी फुटली.

रेडा बारा पावलांवर होता. नाक वर, शिंगं मागे टाकलेली, तोंडातून फेस. असा येतो तेव्हा गोळी नाकाच्या टोकावर घालायची, ती मेंदूत जाते. जायरोसने हे शंभर जणांना शिकवलं होतं. रायफल खांद्याला लागली, गाल टेकला. नाक त्याला दिसलं, नाकावरचा ओलावासुद्धा दिसला. माशी दिसली नाही. कवडशांच्या सगळ्या पांढऱ्या ठिपक्यांमध्ये ती एक ठिपका झाली होती. त्याने नळीच्या अंदाजाने गोळी झाडली.

गोळी वीतभर खाली गेली. रेड्याचा खालचा जबडा तुटून लोंबला, पण त्याची धाव तसूभरही कमी झाली नाही. मागून आर्विदची गोळी रेड्याच्या खांद्यात बसली. तीही त्याला पोचली नसावी. टॅप्सन जायरोसच्या समोरून बाजूला उडी मारत होता. रेड्याने डोकं खाली घातलं आणि डावं शिंग त्याच्या जांघेत घुसवलं.

टॅप्सन वर उचलला गेला. जेसच्या फांद्यांवर आपटून तो परत शिंगांवर पडला. रेड्याने त्याला खाली घेतलं, कपाळाने जमिनीत दाबलं आणि ढकलत नेलं, मातीत चर पडला. टॅप्सन ओरडत नव्हता. दोन्ही हातांनी त्याने शिंगं धरली होती आणि त्याच्या बरगड्या मोडण्याचा आवाज येत होता. रेड्याचा तुटका जबडा त्याच्या छातीवर रक्त ओतत होता. जायरोसने बोल्ट ओढून दुसरं काडतूस घातलं, पण झाडणार कुठे? रेडा आणि माणूस एक झाले होते. तो धावत गेला, रेड्याच्या मानेवर गुडघा टेकला, रायफलचं टोक कानामागच्या खळग्यात खुपसलं आणि चाप ओढला. रेडा जागच्या जागी बसला. एवढ्या जवळून नेमाची गरज नव्हती.

रेड्याचं डोकं ओढून काढायला दोघांना सगळा जोर लावावा लागला. टॅप्सनच्या मांडीच्या आतून रक्त उडत होतं, थांबून थांबून, विहिरीच्या पंपासारखं. जायरोसने जखमेत मूठ घातली. आर्विदने शर्ट काढून वरून आवळला. रक्त मुठीच्या बाजूंनी येतच राहिलं.

टॅप्सनने डोळे उघडले. "पाणी," तो म्हणाला.

आर्विदने बाटली त्याच्या ओठाला लावली. त्याने एक घोट घेतला, मग जायरोसकडे पाहिलं. "कुठं लागली तुमची?"

"जबड्यात."

"हं," टॅप्सन म्हणाला. जणू दुसऱ्याच कुणाच्या गोळीबद्दल बोलत होता. मग त्याने आईला हाक मारली, दोनदा. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

बॅरोज आला, जिल्ह्याचा वनाधिकारी आला, कागद लिहिले गेले. पाहुण्याची पहिली गोळी पोटात लागली, जखमी जनावराने हल्ला केला, माग काढणारा मेला. लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. जायरोसच्या गोळीबद्दल एवढंच आलं की ती जबड्यात लागली. हल्ला करणाऱ्या रेड्यावर तेवढं होतंच, असं अधिकारी म्हणाला.

आर्विद निघाला त्या सकाळी कॅम्पच्या फाटकापाशी तो जायरोससमोर उभा राहिला.  "माझ्या गोळीनं झालं हे," तो म्हणाला. "मी तो नेम धरायलाच नको होता. त्याच्या वडलांना सांगा."

जायरोसने त्याचा हात हातात घेतला. त्याला तेव्हाच बोलता आलं असतं. तो म्हणाला, "वाट लांबची आहे, निघा." गाडीची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा होता.

मयताला आणि नंतरच्या दिवसांना जायरोस जावयाची कामं करत राहिला. लाकडं फोडली, खड्डा खणला, बैल सोलला. घरचे जावयाकडून करवून घेतात ते सगळं. बायका गोऱ्या पाहुण्याला शिव्या घालत होत्या. एसिनातही घालत होती. अकराव्या दिवशी तो सासऱ्याच्या अंगणात गेला. म्हातारा सिनोसी कुऱ्हाडीला नवा दांडा बसवत होता. जायरोस जमिनीवर बसला, टाळ्या वाजवून मान दिला आणि म्हणाला, "बाबा, गोऱ्याची चूक सांगितलीय तुम्हाला. माझी सांगायची राहिलीय."

त्याने सगळं सांगितलं. फुटलेली माशी, सुळ्याचे मणी, कानस, टॅप्सनने विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेलं उत्तर. वारुळापाशी पाहुण्याला कसं गप्प केलं तेही.

सिनोसीने शेवटपर्यंत ऐकलं. "म्हणजे माझ्या पोरानं तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

म्हाताऱ्याने कुऱ्हाडीचं पातं काढून बाजूला ठेवलं. मग दांडा उचलला आणि मारला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा पाठीत. तिसरा डोक्यावर येत होता, तो जायरोसने हातावर घेतला आणि हाताचं हाड मोडल्याचं अंगणातल्या सगळ्यांना ऐकू आलं. त्याने दुसरा हात वर केला नाही. एसिनात धावत आली, मध्ये पडली नाही, तिथेच थांबली. सिनोसी मारत राहिला, दांडा हातातून निसटेपर्यंत. जायरोसच्या नाकातोंडातून रक्त मातीत गळत होतं.

"तो गोरा काय समजून गेलाय?" धापा टाकत सिनोसीने विचारलं.

"त्याच्याच गोळीनं झालं असं."

"त्याला लिही. आजच. माझ्या अंगणातून एक खोटं बाहेर गेलंय, ते परत आण. मग हात बांधून घे."

शाळेच्या मास्तरांनी पत्र लिहिलं. जायरोस मोडलेला हात छातीशी धरून सांगत होता. मास्तरांनी मध्ये एकदा विचारलं, "हे असंच लिहू?" तो म्हणाला, "असंच."

उत्तर यायला तीन महिने लागले. आर्विदने चारच ओळी लिहिल्या होत्या: माशी दिसत नव्हती हे मला ठाऊक होतं आणि तरीही मी चाप ओढला. तुम्ही तुमचं घ्या. माझं मी ठेवतो. पूर्ण वाटा मी तुम्हाला देणार नाही. मी शिकार सोडली आहे. सिनोसीने ते पत्र वाचून घेतलं आणि घडी करून छपराच्या वाशात खोचून ठेवलं.

जायरोसचा हात जरा वाकडाच जुळला. तो मिशनच्या दवाखान्यात गेला. डोळे तपासणाऱ्या बाईने जवळचा चष्मा दिला. त्याने माशी साफ दिसायची, पण साठ पावलांवरचं जनावर धुरकट डागासारखं व्हायचं. शेवटी तो बॅरोजकडे गेला. "मला दुर्बीण हवीय," तो म्हणाला. "कमी ताकदीची. आणि हाताने चटकन काढता येईल अशी बैठक."

बॅरोजने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला?"

"मला."

महिनाभर तो वारुळासमोर उभा राहिला. पहिल्या दिवशी दणक्याने दुर्बिणीची कड भुवईत घुसली आणि डोळाभर रक्त आलं; त्याने ती दोन बोटं पुढे सरकवून घट्ट केली. कडं एकावर ठेवून त्याने वरून चिकटपट्टी गुंडाळली, कधी फिरूच नये म्हणून. दोन्ही डोळे उघडे. काळी फुली जनावरावर ठेवायची, बस्स. काही जुळवायचं नाही. पहिल्यांदा ते त्याला इतकं सोपं वाटलं की तो रायफल खाली ठेवून वारुळाच्या मागे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. त्याने परवान्याची नेमबाजी पुन्हा द्यायला मागितली. कुणी सांगितलेलं नसताना. पास झाला.

त्यानंतरच्या मार्चमध्ये एक नर हत्ती सिनोसीच्या गावच्या मक्यात शिरू लागला. त्याच्या सोंडेवर जुनी फाशाची जखम होती, तिच्यात किडे झाले होते. त्याने शेतात राखण करणाऱ्या मेरेसी नावाच्या बाईला मचाणावरून ओढून काढली, तिच्यावर गुडघे टेकले, आणि उरलं ते गावाने चादरीत गोळा केलं. वनखात्याने जायरोसला बोलावलं. त्या गावात तो मार खाल्ल्याच्या दिवसानंतर गेला नव्हता.

सूर्य उगवून तास झाला होता. हत्ती मक्यातच उभा होता. ताटं त्याच्या पोटापर्यंत. जायरोससोबत वनरक्षक होता आणि, कुणी बोलावलं नसताना, हातात भाला घेऊन सिनोसी. "बाबा, मागे राहा," जायरोस म्हणाला.

"माझ्या गावात मला कुठं उभं राहायचं ते तू सांगू नकोस," म्हातारा म्हणाला आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला.

वीस पावलांवर हत्तीला वास लागला. त्याने कान पसरले, किंचाळला आणि सोंड छातीशी घेऊन सरळ आला. मक्याची ताटं फटाफट मोडत होती. जायरोसने रायफल उचलली. काळी फुली डोळ्यांच्या मधल्या रेषेखाली, सोंडेच्या दुसऱ्या वळीवर बसली. स्वच्छ, धारदार. त्याने आणखी पाच पावलं येऊ दिलं. मग झाडली. हत्तीचे मागचे पाय आधी गेले, डोकं वर फेकलं गेलं आणि तो गुडघ्यांवर बसला. ताटांची धूळ तिघांच्या अंगावर आली. जायरोसने लगेच बाजूला होऊन दुसरी गोळी छातीत घातली. मग त्याने बोल्ट ओढून रायफल रिकामी केली.

सिनोसी हत्तीपाशी गेला. गोळीच्या भोकात त्याने बोट घालून पाहिलं. एव्हाना गावातून माणसं सुऱ्या-टोपल्या घेऊन धावत येत होती, मेरेसीचा नवरा सर्वात पुढे, रडत आणि हत्तीला लाथा घालत. सिनोसीने बोट चिखलाला पुसलं. "पोट मी फाडतो," तो जायरोसला म्हणाला. "तू सोंडेकडून लाग." दोघांनी दुपारपर्यंत मांस कापलं, कोपरापर्यंत रक्तात, एकमेकांशी कामापुरतं बोलत. संध्याकाळी म्हाताऱ्याने त्याला जेवायला थांब म्हटलं. जायरोस थांबला.

त्यानंतर जायरोसने सहा हंगाम केले आणि एक दिवस परवाना बॅरोजच्या टेबलावर ठेवला. आता तो घरीच लोकांच्या रायफलींचे दस्ते कापून, घासून मापात बसवून देतो. शिकारी लांबून येतात. एसिनात त्याच्याशी बोलते, हसते, ताट वाढते. भावाच्या थडग्यावर पाणी ओतायला मात्र ती दरवर्षी एकटीच जाते, आणि जायरोस तिला कधी विचारत नाही की मीही येऊ का.